मतपत्रिका दारी येते, परिचारिका का येत नाही?

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. मध्य प्रदेश विधानसभेसाठी १७ तारखेला मतदान व्हायचे होते. त्याच्या काही दिवस आधीच आमच्या गल्लीत एक सरकारी जीप येऊन थांबली. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस शिपाई आणि एक चित्रीकरण करणारा असा ताफा तीतून उतरला आणि समोरच्या घराच्या पायऱ्या चढून आत गेला. त्या घरात पन्नाशी ओलांडलेली एक स्त्री आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. हातपाय तिच्या इच्छेप्रमाणे वळत नाहीत, शब्द अडखळत येतात; बुद्धी मात्र लख्ख आहे. खोलीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभारण्यात आला. त्याच्या आड तिने मतपत्रिकेवर आपली खूण केली, पाकीट बंद झाले, मोहोरबंद पेटीत पडले आणि मंडळी तिला नमस्कार करून पुढच्या घराकडे निघाली. साऱ्याला वीस मिनिटेही लागली नसतील. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या, आणि त्या वेळच्या नियमानुसार ८० वर्षांवरील, मतदारांना घरूनच मत देण्याची जी सोय निवडणूक आयोगाने केली आहे, तिचा हा प्रत्यक्ष प्रयोग होता.

ज्या शासनाच्या सेवेत माझे सारे उमेदीचे आयुष्य गेले, त्याच्याविषयी त्या दिवशी मला अभिमान वाटला, हे प्रथम नमूद करते. पण दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले असता मनात घोळत असलेला एक प्रश्न मी तिच्या वृद्ध आईला विचारला. "काकू, हिची छातीची तपासणी कधी कोणी केली आहे का हो?" काकू क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तिचं लग्न नाही, मूलबाळ नाही. तिला तो आजार कशाला होईल?"

मत घेण्यासाठी चार माणसे जिच्या दारी आली, तिच्या जिवाची विचारपूस करायला गेल्या पन्नास वर्षांत शासनाचे एकही माणूस आले नव्हते. आणि घरच्यांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. शासनाचे हे विस्मरण आणि घराचे हे अज्ञान, या दोहोंविरुद्ध प्रस्तुत लेख आहे.

विषय काहींना संकोचाचा वाटेल. आपल्या पत्रिकेत साहित्य, इतिहास, संगीत यांवर लिहिले जाते. स्तनाच्या कर्करोगाची चर्चा येथे कशाला, असेही कोणी म्हणेल. अशांना मी एकच आठवण करून देते. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी जाहीर सभेत उभ्या राहिल्या आणि आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांनी सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, कारण येथील स्त्रिया संकोचापोटी पुरुष वैद्यांपुढे आपला आजार उघड करीत नाहीत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे औषध आहे, वैद्य आहे, पण स्त्री त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे दुखणे १४० वर्षांपूर्वी एका मराठी मुलीने ओळखले होते. संकोचाची भिंत पुष्कळशी पडली. परंतु जी स्त्री पायऱ्या चढू शकत नाही, ऐकू शकत नाही, पाहू शकत नाही, उभी राहू शकत नाही, तिच्यापुढे भिंत अजून उभीच आहे.

आता थोडी आकडेवारी. अनेक वर्षे नस्त्या चाळलेली असल्यामुळे आकड्यांवाचून मला बोलवत नाही. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आजार केव्हा सापडतो यावर सारे अवलंबून असते. देशातील अकरा कर्करोग नोंदणी केंद्रांच्या, २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या रुग्णांच्या पाहणीत असे दिसले की, गाठ स्तनापुरती मर्यादित असताना उपचार सुरू झाले तर शंभरांतील ८१ स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. आजार दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तेव्हा शंभरांतील अवघ्या १८. हे ८१ आणि १८ यांच्यामधले अंतर म्हणजे वेळेवर झालेली किंवा न झालेली तपासणी.

आणि तपासणीची स्थिती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, कर्करोगासाठी तुमची स्तनतपासणी कधी झाली आहे का. 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. हजारांत नऊ! या नऊ जणींत दिव्यांग किती, याचे उत्तर त्या तक्त्यात नाही. त्या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत घरातील दिव्यांगत्वाविषयी निदान प्रश्न तरी विचारला गेला होता. सहाव्या फेरीच्या प्रश्नावलीतून तोही वगळण्यात आला. जिची मोजणीच नाही तिची उणीव कोणाच्या लक्षात येणार? शासनात ज्या गोष्टीला रकाना नसतो ती गोष्ट अस्तित्वात नसते, हे मी अनुभवाने सांगते.

२०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यांत स्त्रिया १ कोटी १८ लाख. त्या वेळी कायद्याने मानलेले दिव्यांगत्वाचे प्रकार आजच्या मानाने थोडे होते; २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. तेव्हा खरी संख्या याहून मोठीच असणार. यांपैकी कोणालाही कर्करोगाने सूट दिलेली नाही. उलट काकूंनी जे कारण पुढे केले तेच वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नेमके उलटे आहे. मूल न होणे आणि अंगावर न पाजणे यांनी या आजाराचा धोका कमी होत नाही, काहीसा वाढतोच. आपल्या समाजात दिव्यांग मुलीचे लग्न सहसा होत नाही, हे आपण सारे जाणतो. म्हणजे ज्या स्त्रीला आपण संसारापासून दूर ठेवले, तिचा धोका वाढला. आणि संसार नाही म्हणून तिची तपासणीही टळली.

माझ्या चुलत बहिणीविषयी येथे लिहिणे भाग आहे. तिला आम्ही सारे आक्का म्हणत असू. १९५० च्या दशकात जन्मलेल्या कित्येक मुलांप्रमाणे तिलाही दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. आमच्या जुन्या वाड्यात माडीवरची खोली तिची. खोलीत बसून तिने चाळीस वर्षे गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. तिच्या हाताखालून गेलेली मुले आज डॉक्टर आणि इंजिनीयर आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात तिला उजव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून ती गप्प राहिली. पुढे मी रागावून विचारले तेव्हा ती म्हणाली, "सांगितलं असतं तर चार माणसांनी खुर्चीत घालून मला जिन्यावरून उतरवलं असतं. सगळी गल्ली बघायला जमली असती. म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ दे."

दिवाळीनंतर तिला खाली उतरवले. शहरातल्या एका नामांकित तपासणी केंद्रात नेले. तेथील तंत्रज्ञ मुलगी वाईट नव्हती. पण मॅमोग्राफीसाठी उभे राहावेच लागते, बसून होत नाही, असे तिने ठामपणे सांगितले. सोनोग्राफी करून घ्या, म्हणाली. सोनोग्राफीचे टेबल कमरेएवढे उंच. त्यावर आक्काला चढवण्यासाठी वॉर्डबॉयला बोलवावे लागले, आणि एका परपुरुषाने उचलून ठेवल्यावर ती जी भिंतीकडे तोंड करून पडली, ती परत घरी येईपर्यंत बोलली नाही. पुढच्या तपासणीला यायचे तिने दोन महिने नाकारले. सुईने तुकडा काढून निदान झाले तेव्हा काखेतल्या गाठी वाढलेल्या होत्या. २०१९ च्या उन्हाळ्यात ती गेली.

आक्काला कर्करोगाने नेले, हे खरेच. पण गाठ लागल्यापासून निदान होईपर्यंत जे सात महिने गेले, ते कर्करोगाने घेतले नाहीत. एका जिन्याने, एका टेबलाने आणि 'बसून होत नाही' या एका वाक्याने ते घेतले. आणि ते वाक्य खरेही नव्हते. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले की, आजच्या बहुतेक मॅमोग्राफी यंत्रांची पट्टी खुर्चीत बसलेल्या स्त्रीच्या छातीपर्यंत खाली आणता येते. लागते काय, तर हात काढता येणारी एक स्थिर खुर्ची, हाताशी एक मदतनीस स्त्री आणि नेहमीच्या दुप्पट वेळ. यंत्र खाली येत होते. माणसाला ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून देण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःकडे दाखवलेले बरे. सेवेत असताना शासकीय इमारतींच्या पाहणीचे तक्ते माझ्या सहीने वर जात. त्यांत एक ओळ असे : 'रॅम्प आहे / नाही'. मी असंख्य वेळा 'आहे' वर खूण केली आहे. एका रुग्णालयाच्या दारातला तो रॅम्प मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. दोन फूट उंचीच्या चौथऱ्याला जेमतेम आठ फूट लांबीचा उतार. एकास बारा या मान्य प्रमाणाने तो चोवीस फूट हवा होता. त्यावरून चाकांची खुर्ची वर नेणाऱ्याचा दम निघावा आणि खाली आणताना बसलेलीचा जीव जावा. शिवाय तो संपत होता जेथे, तेथून तपासणीची खोली एक मजला वर. पण तक्त्याने विचारले होते एवढेच की, रॅम्प आहे का. मी लिहिले, आहे. तो दाखला खोटा नव्हता. फक्त निरुपयोगी होता. आक्का गेल्यानंतर मला अनेकदा वाटले आहे की, अशा शेकडो निरुपयोगी खऱ्या दाखल्यांच्या पायऱ्या रचूनच आपण तिला वर अडकवून ठेवले.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे कोणी समजू नये. भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्येच मान्य केला. त्याचे २५ वे कलम सांगते की, इतरांना ज्या दर्जाच्या आरोग्यसेवा मिळतात त्याच दर्जाच्या दिव्यांगांनाही मिळाल्या पाहिजेत, आणि त्यांत सार्वजनिक आरोग्याचे कार्यक्रमही आले. आपला स्वतःचा कायदा २०१६ चा. योगायोगाने त्यातही आरोग्याचे कलम २५ वेच आहे. घराजवळ आरोग्यसेवा, शासकीय व खासगी रुग्णालयांच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना प्रवेश, तपासणी व उपचारांत प्राधान्य, हे सारे त्यात लिहिलेले आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये उलटली. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले की, सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक मानके तीन महिन्यांत करावीत. मधल्या काळात शासनाने केले काय, तर अपंगाचा विकलांग, विकलांगाचा निःशक्तजन आणि निःशक्तजनाचा दिव्यांग केला. नाव तीनदा बदलले. तपासणीचे टेबल एक इंचही खाली आले नाही.

या विषयावर मी चार ठिकाणी बोलले आहे आणि तीन आक्षेप हटकून ऐकले आहेत. त्यांचा परामर्श घेते.

पहिला आक्षेप असा की, हजारांत ९९१ धडधाकट स्त्रियांचीही तपासणी होत नाही, मग दिव्यांगांचे रडगाणे आधी कशाला? वरवर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु पंगतीत वाढप कमी पडते म्हणून शेवटच्या पानाला कधीच वाढायचे नाही, असा याचा अर्थ होतो. शिवाय जी व्यवस्था या स्त्रीपर्यंत पोहोचेल, ती संधिवाताने जखडलेल्या आजीपर्यंत, खुब्याचे हाड मोडलेल्या मावशीपर्यंत आणि दिवस भरत आलेल्या सुनेपर्यंतही आपोआप पोहोचेल. जी केवळ धडधाकट स्त्रीसाठी आखली जाईल, ती यांच्यापैकी कोणाचीच राहणार नाही. आपण सारेच एक ना एक दिवस त्या जिन्यापाशी येऊन थांबणार आहोत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मॅमोग्राफीची यंत्रे लाखो रुपयांची, ती गावोगाव कशी नेणार? येथे मुळातच गैरसमज आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा स्तनतपासणी सांगितली आहे, ती यंत्राने नव्हे. प्रशिक्षित परिचारिकेच्या वा आरोग्यसेविकेच्या हातांनी. या साध्या तपासणीचे मोल मुंबईतच सिद्ध झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : सर्व वयोगटांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही, पण पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि तपासणी झालेल्या स्त्रियांत आजार अलीकडच्या टप्प्यावर सापडला. हे साधले शिकवलेल्या दोन हातांनी. त्या हातांना वीज लागत नाही, उंच टेबल लागत नाही, इमारतही लागत नाही. स्त्री पलंगावर असो वा चाकांच्या खुर्चीत, तपासणी होते. जी सेवा उंबरठा ओलांडून आत येऊ शकते, ती उंबरठ्याबाहेर थांबवून ठेवण्याला खर्चाचे कारण पुरत नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच जुन्या सहकाऱ्यांचा. अशा स्त्रिया नेमक्या कोठे आहेत, याची यादी नाही. दारोदार जाणे व्यवहार्य नाही. या आक्षेपाला मी नम्रपणे दोन उत्तरे देते. यादी आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी निवडणूक आयोगाच्या नोंदीत दिव्यांग मतदार ८८ लाखांहून अधिक होते. ती यादी पूर्ण नाही, हे मान्य. पण मतासाठी जी पुरते ती प्राणासाठी आरंभाला तरी पुरावी. आणि दारोदार जाण्याचे म्हणाल, तर १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमेत आपण दुसरे काय केले? वीटभट्ट्यांवर, रेल्वेच्या फलाटांवर, नदीकाठच्या पालांत आपली माणसे दोन थेंब घेऊन पोहोचली. घरांच्या दारांवर खडूने खुणा केल्या, सुटलेल्या घरी पुन्हा गेली. २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ती मोहीम आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील एक सोनेरी पान आहे, आणि त्या पानावर खारीचा वाटा म्हणून माझाही घाम सांडलेला आहे.

पण वाचकहो, थोडा विचार करा. ते दोन थेंब ज्यांना वेळेत मिळाले नाहीत, ती १९५० ते १९८० च्या दशकांतील मुले आज कोठे आहेत? त्या मुली आज चाळीस ते पंचाहत्तर वर्षांच्या आहेत. म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या नेमक्या वयात. जे शासन पोलिओ टाळण्यासाठी प्रत्येक दारी गेले, ते पोलिओ झालेल्या बाईच्या दारी मात्र एकदाही जाऊ शकत नाही, हे 'अव्यवहार्य' या शब्दात कसे बसवायचे?

केवळ आपल्याकडेच असे होते, असेही नाही. इंग्लंडमध्ये पन्नाशीपासून सत्तरीपर्यंतच्या प्रत्येक स्त्रीला दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचे निमंत्रण मिळते आणि तपासणी विनामूल्य होते. तरीही २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिव्यांगत्व असलेल्या स्त्रियांचा सहभाग इतर स्त्रियांच्या मानाने ३६ टक्क्यांनी कमी आढळला. याचा बोध एवढाच की, सर्वांसाठी दार उघडले म्हणजे सर्व जणी आत येतात, असे नाही. जिला उठता येत नाही तिच्यासाठी दाराबाहेर पडावे लागते.

आता एक उदाहरण असे सांगते की ज्याने माझी स्वतःची दृष्टी बदलली. जर्मनीतील डुईसबर्ग येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. फ्रांक होफमान यांनी अंध स्त्रियांना स्तनतपासणीचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. स्पर्शाने जग ओळखणाऱ्या बोटांना लहान गाठी ओळखता येतील, हा त्यामागचा विचार. गेल्या काही वर्षांत हा उपक्रम भारतातही आला असून दिल्लीत अंध युवतींनी हे प्रशिक्षण घेऊन रुग्णालयांत काम केले आहे. म्हणजे ज्या स्त्रीला आपण 'तपासणीसाठी आणायची कशी' अशी अडचण समजतो, ती स्वतःच तपासणी करणारी होऊ शकते. दया करणे आपण जाणतो. तिच्या हातात आपला जीव विश्वासाने सोपवणे अजून शिकायचे आहे.

शासनाकडे मागायचे काय? फार नाही. पहिली मागणी, जी स्त्री केंद्रापर्यंत येऊ शकत नाही तिची आराखड्यात सांगितलेली तपासणी तिच्या घरी व्हावी. आशा कार्यकर्तीने नाव कळवावे आणि प्रशिक्षित परिचारिकेने ठरलेल्या दिवशी जावे. दुसरी, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक मॅमोग्राफी केंद्र असे असावे की जेथे बसून तपासणी होते, जेथील तंत्रज्ञाला ती शिकवलेली आहे, आणि तसा फलक दारावर आहे. तिसरी, तपासणीचे एक तरी टेबल चाकांच्या खुर्चीच्या उंचीला, म्हणजे दीड फुटाच्या आसपास उतरणारे असावे, आणि उचलायची वेळ आलीच तर उचलणारी स्त्री असावी. चौथी, तपासणीपूर्वी काय केले जाणार आहे हे कर्णबधिर स्त्रीला खुणांच्या भाषेत वा लिहून, अंध स्त्रीला शब्दांत आणि मतिमंद स्त्रीला तिच्या सवडीने, तिच्या विश्वासाच्या माणसासमक्ष समजावले जावे. मतदानाच्या गुप्ततेसाठी पुठ्ठ्याचा आडोसा घेऊन फिरणाऱ्या शासनाला देहाच्या लज्जेसाठी एक पडदा जड होऊ नये. पाचवी आणि सर्वांत स्वस्त मागणी, नोंदवहीत दिव्यांगत्वाचा एक रकाना असावा आणि त्याची बेरीज दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. रकाना आला की प्रश्न येतो, प्रश्न आला की उत्तरदायी अधिकारी येतो. यंत्रणा अशीच हलते.

परंतु सारा भार शासनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. शिंदे-होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेली आपली घराणी; आपले वाडे, आपली मंडळे, आपले गणेशोत्सव आणि व्याख्यानमाला यांचा आपल्याला अभिमान आहे. त्याच वाड्यांतून एखादी माडीवरची आत्या, एखादी मागच्या खोलीतली मावशी असतेच. समारंभाच्या छायाचित्रात ती नसते. 'तिला कशाला त्रास' हे वाक्य आपण मायेने उच्चारतो आणि त्या मायेनेच तिला तपासणीपासून दूर ठेवतो. आपल्याच एका संस्थेने काही वर्षांपूर्वी स्त्रियांसाठी कर्करोग-तपासणीचे शिबिर घेतले, ते सभागृहाच्या वरच्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती. उद्‌घाटनाच्या भाषणात 'समाजातील शेवटच्या स्त्रीपर्यंत' असे शब्द होते. शेवटची स्त्री जिन्याच्या पहिल्या पायरीपाशीही आली नव्हती, आणि व्यासपीठावर बसलेल्या आम्हा कोणाच्याही ते लक्षात आले नाही. होय, त्या व्यासपीठावर मीही होते.

घरात करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. अशा स्त्रीला अंघोळ घालणारी, साडी नेसवणारी जी कोणी असेल, वहिनी, भाची किंवा पगारी बाई, तिला एवढे माहीत असू द्या : न दुखणारी गाठ, स्तनाच्या आकारात झालेला फरक, कातडीला पडलेली खळी वा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, काखेतली गाठ. यांपैकी काहीही दिसले तर 'सण होऊन जाऊ दे' म्हणू नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण ती कोणती आहे हे डॉक्टरने ठरवायचे असते, पंचांगाने नव्हे. आणि त्या स्त्रीला स्वतःला विचारा. तिच्या वतीने उत्तर देण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की प्रश्न तिला विचारायचा असतो, हेच आपण विसरलो आहोत.

समोरच्या घरातील त्या मतदार बाईंचे पुढे काय झाले, हे सांगून लेखणी ठेवते. काकूंशी बोलणे झाल्यावर मी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी थेट तिला. ती बराच वेळ शब्द जुळवीत राहिली. मग म्हणाली, "मला... कुणी... विचारलंच नाही." मी ओळखीतल्या एका निवृत्त परिचारिकेला विनंती केली, ती आली, दार लावून घेतले, काय करणार ते आधी समजावले आणि तपासणी केली. सुदैवाने काही निघाले नाही. मत द्यायला जेवढा वेळ लागला होता, जवळपास तेवढाच याही कामाला लागला. फरक इतकाच होता की, त्या दिवशी शासन आले होते आणि या दिवशी ओळख कामी आली.

ओळखीने होते ते उपकार असतात आणि यादीने होतो तो हक्क असतो. आक्काला मी उपकारही वेळेवर देऊ शकले नाही. पुढच्या निवडणुकीत ती जीप आपल्या गल्लीत पुन्हा येईल. त्या वेळी आपल्यापैकी प्रत्येकाने तिच्यातून उतरणाऱ्या अधिकाऱ्याला आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एवढेच विचारावे : मतपत्रिका घेऊन आलात, स्वागत आहे; परिचारिका केव्हा पाठवता?